लाल रोमेन लेट्यूस बियांपासून: आपल्याकडच्या उन्हात बी झोपून राहतं, ते उठवायचं कसं?

परसातली_ताई (सेलू, जि. वर्धा) · १६ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. तीन हंगामांपासून मी घरच्या परसात लाल रोमेन लेट्यूस लावते आहे. पहिल्या हंगामात दोन पाकिटं मातीत गेली, एक रोप डोळ्यांनी दिसलं नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी लागेपर्यंत पाच माणसांच्या घराला पुरून शेजारी वाटण्याइतकी पानं निघाली. पुन्हा लावायचे दिवस आलेत आणि इथे दरवर्षी कुणीतरी "बी उगवलंच नाही" म्हणून विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोमेन म्हणजे उभट, लांब पानांचा लेट्यूस. कोबीसारखा गोल गड्डा नाही. पाकिटावर कॉस लिहिलेलं असलं तरी तोच. लाल जातीत पानाचं टोक आणि काठ गडद जांभळट-लाल, मधला देठ पांढरट हिरवा आणि कुरकुरीत.

पहिल्या वर्षी गणपती उठले आणि लगेच बी टाकलं. मेथी, सांभार आपण कधीही टाकतो आणि आठ-दहा दिवसांत वाफा हिरवा होतो. त्याच हिशेबानं गेले. वाफ्यात बी फोकलं, वर अर्धा इंच माती ओढली, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. वीस दिवसांत वाफ्यात फक्त घोळ आणि केना. दुकानदार म्हणाला, बी जुनं निघालं असेल. दुसरं पाकीट आणलं, तेही गेलं. पण त्यातल्या दहा-बारा बिया डब्याच्या तळाशी राहिल्या होत्या. डिसेंबरात त्या ओल्या फडक्यात टाकून पाहिल्या, तर तिसऱ्या दिवशी झाडून सगळ्या फुटलेल्या. म्हणजे बियात खोट नव्हती. मी ते तापलेल्या मातीत पुरत होते, एवढंच.

लेट्यूसच्या बियाला १५ ते २० अंश तापमान मानवतं. २८-३० च्या वर गेलं की बहुतेक जाती झोपून राहतात. ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारचा पारा ३३-३४ ला असतो आणि उघडी काळी माती हवेपेक्षाही तापते. पुन्हा या बियाला उजेड लागतो, आणि मी ते मातीखाली दाबत होते.

आता मी असं करते. आमचा माठ स्वयंपाकघरात उत्तरेच्या खिडकीशी ओल्या रेतीवर ठेवलेला असतो. त्या रेतीवर माठाला टेकून एक स्टीलची ताटली, त्यात दुहेरी सुती फडकं ओलं करून, वर बी पसरून. बी दिवस मावळताना भिजवायचं. पाणी पिल्यावरचे पहिले काही तास त्याला उष्णता अजिबात सोसत नाही, ते तास रात्रीच्या गारव्यात गेले पाहिजेत. फडकं ओलं हवं, पण बी पाण्यात बुडायला नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताटली उजेडाकडे धरून बघा. बी जिऱ्याहून कितीतरी बारीक, दोन्हीकडे निमुळतं, अंगावर उभ्या रेघा. एका टोकाशी सुईच्या अग्राएवढं पांढरं काही बाहेर आलेलं दिसेल. ते मूळ. त्याच दिवशी उचला. एक दिवस थांबलं तर मूळ फडक्याच्या धाग्यात शिरतं आणि ओढताना तुटतं. मी काडेपेटीची काडी ओली करून तिच्या टोकाला बी चिकटवते आणि खतमातीवर अलगद टेकवते. वर चाळलेलं गांडूळखत इतकंच, की बी अर्धंमुर्धं दिसत राहील.

ज्यांना बियांनी दगा दिला आहे त्यांनी यंदा कोजागिरी होऊ द्या, मग एकदा असं करून बघा. अडलं तर इथे विचारा, मी रोज संध्याकाळी डोकावते.

काटोलची_काकू · १६ ऑक्टोबर

ताई, छान लिहिलंस. माझा प्रश्न साधा आहे. आपल्याकडे हिवाळ्यात मेथी, पालक, चवळी, मुळ्याचा पाला, आंबट चुका सगळं असतं. मग याला जागा कशाला द्यायची? चव कशी लागते?

परसातली_ताई · १६ ऑक्टोबर

काकू, हे कच्चं खायचं पान आहे. मेथी कच्ची खातो तीही चिमूटभर, कारण कडू. पालक कच्चा खाल्ला की दातांना कसं तरी होतं. हे पान कोवळं असताना काकडीसारखं लागतं, पाणीदार, मागे किंचित कडसर. आमच्याकडे सासूबाईंना दात नाहीत, त्या मधला देठ सोडून नुसती लाल टोकं दह्यात कालवून खातात. जागा म्हणाल तर तेलाच्या १५ किलोच्या पिप्यात दोन रोपं बसतात. मुळं वरच्या वर असतात, वीतभर खोल माती पुरते.

उमरेडचे_गुरुजी · १७ ऑक्टोबर

ताईंनी उजेडाचा मुद्दा दोन ओळींत संपवला, पण शिक्षक म्हणून मला तिथे थांबावंसं वाटतं. कारण ज्या प्रयोगानं झाडाला उजेड कसा कळतो हे उलगडलं, तो याच लेट्यूसच्या बियांवर झाला होता.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात बेल्ट्सव्हिल इथे शेती खात्याचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली हे काम प्रसिद्ध केलं. 'ग्रँड रॅपिड्स' जातीचं बी अंधारात भिजवलं. त्यावर थोडा वेळ तांबडा प्रकाश टाकला, बी उगवलं. तांबड्यानंतर अतितांबडा टाकला, म्हणजे दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडचा, तर उगवलं नाही. परत तांबडा टाकला, परत उगवलं. कितीही वेळा आलटूनपालटून टाका, शेवटी कोणता प्रकाश पडला त्यावर सगळं ठरत होतं. म्हणजे बियाच्या आत बटणासारखं चालू-बंद होणारं काहीतरी आहे. १९५९ मध्ये ते द्रव्य त्याच केंद्रात प्रत्यक्ष पकडलं गेलं आणि त्याला फायटोक्रोम असं नाव मिळालं.

याचा परसबागेशी संबंध असा. हिरवं पान तांबडा प्रकाश खाऊन टाकतं आणि अतितांबडा खाली सोडतं. दाट झाडोऱ्याखाली पडलेल्या बियाला त्यावरून कळतं की वर कुणीतरी आहे, आत्ता उगवण्यात अर्थ नाही. आणि मातीखाली तर काहीच कळत नाही. एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार बिया बसतात, मग एकेकीजवळ शिदोरी ती किती असणार? खोलवर उगवलं तर वर येईपर्यंत ती संपते. म्हणून बी उजेडाची वाट बघतं.

थंडीत पुष्कळ जाती अंधारातही उगवतात. ऊब वाढते तशी उजेडाची गरजही वाढते. सप्टेंबरात ताईंच्या बियाला म्हणूनच दोन्हीकडून मार बसला.

मी सातवीच्या मुलांकडून हे करून घेतो. दोन ताटल्या, दोन्हीत पंचवीस-पंचवीस बिया, एक उघडी आणि एक काळ्या कागदात गुंडाळलेली. मुलं दुपारच्या सुटीत डबा टाकून आधी ताटलीकडे पळतात.

पऱ्हाटी_आर्णी (जि. यवतमाळ) · १८ ऑक्टोबर

ताई, लिहिलंय ते सगळं उपयोगाचं. मला एकच गोष्ट हात जोडून सांगायची आहे.

आमच्या भागात फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे, कॅन धुऊन त्यात तुळस, मिरची लावायची सवय आहे. लेट्यूस त्यात लावू नका. कितीही धुतला तरी लावू नका. हे पान शिजत नाही, जसं तोडलं तसं तोंडात जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते दिवस आम्ही जवळून पाहिलेत. माझ्या माहेरी तेव्हापासून असा रिकामा डबा अंगणात येऊच देत नाहीत. भोकं पाडून, चेपून टाकतात, म्हणजे कुणी उचलून वापरायला नको.

आणि दुसरं, पऱ्हाटी घराला लागून असेल तर त्या बाजूला कुंड्या ठेवू नका. वारा सुटला की फवारा अंगणात येतो. पंप धुतलेलं पाणीही परसात ओतू नका.

परसातली_ताई · १८ ऑक्टोबर

हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. फार आभार.

त्याला जोडून एक, ताजं शेण, शेणाची रबडी, जीवामृत यातलं काही पानांवर पडू देऊ नका. मी पूर्ण कुजलेलं, हातात घेतलं तर मातीचा वास येणारं शेणखतच घेते, तेही लावणीच्या आधी मिसळून टाकते. नंतर वरून काही नाही. तोडलेली पानं एकेक सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुते. देठाच्या खोबणीत माती अडकते, तिथे बोट फिरवावं लागतं.

दर्यापूरचा_गडी · २० ऑक्टोबर

ताई, मी भी मागच्या साली लावलं होतं. उगवलं बराबर, पण पुढं पानाचे काठ जयून राहिले ना बाप्पा. पह्यले पिवये, मंग तपकिरी, मंग कागदावानी कुरकुरीत. आमचं गाव खारपाणपट्ट्यात हाय. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. घरी मशीन बसोली हाय पाण्याची, तिचं जे पाणी बाहेर फेकते, ते वाया जाऊ नये म्हणून मी तेच टाकत होतो. वरतून मले एकानं सांगतलं का चुना टाक. टाकला. काही फरक पडला नाही. यंदा लावू का नको लावू, ते सांगा. मायी पोरगी लय मांगं लागली हाय.

उमरेडचे_गुरुजी · २० ऑक्टोबर

भाऊ, तुमचा हेतू चांगला होता पण नेमकं तेच पाणी घातक. मशीन गोडं पाणी एकीकडे काढते आणि मीठ दुसरीकडे. बाहेर टाकलेल्या पाण्यात मूळ बोअरपेक्षा जास्त मीठ असतं. लेट्यूस मिठाला हळवा आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत होता का?

दर्यापूरचा_गडी · २० ऑक्टोबर

हो ना गुरुजी! मले वाटलं चुना हाय तो.

परसातली_ताई · २१ ऑक्टोबर

दादा, लावा. पोरीसाठी तर नक्की लावा. जमिनीत नका लावू, डब्यात लावा. दोन डब्यांना दिवसाला मिळून दोन-तीन तांबे पाणी लागतं, तेवढं नळाचं मिळतं का बघा. तुमच्याकडच्या गावांना पिण्याचं पाणी धरणावरून येतं ना? तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणीही चालेल, फक्त त्यात मीठ नको. डब्याच्या बुडाला बोटभर जाडीची चार-पाच भोकं पाडा आणि आठवड्यातून एकदा गोडं पाणी खालून वाहून जाईपर्यंत द्या, म्हणजे साचलेलं मीठ निघून जाईल. माती तुमच्या वावरातली नको. नदीकाठचा पोयटा मिळाला तर सोनं, नाहीतर कोकोपीट आणि कुजकं खत निम्मं-निम्मं.

नुसती काळी माती आमच्याकडेही मी घेत नाही. ओली असली की गोळा होते, वाळली की भेगा पडतात आणि भेगेबरोबर बारीक मुळं तुटतात. मी एक घमेलं काळी, एक घमेलं खत आणि एक घमेलं कुजलेलं सोयाबीनचं कुटार घेते.

चुन्याबद्दल सांगते. बाहेरच्या जुन्या पानांचे काठ जळतात ते मिठानं. आतल्या कोवळ्या पानांची टोकं तपकिरी होतात ते वेगळं दुखणं, तिथे कॅल्शियम पोचत नाही म्हणून होतं. पण तेव्हाही मातीत कॅल्शियम बहुतेक असतंच. दोन दिवस पाणी चुकलं आणि तिसऱ्या दिवशी डबा भरून दिलं, असं झालं की ते कोवळ्या पानापर्यंत चढत नाही. रोज थोडं, ठरल्या वेळी, हा त्यावरचा उपाय.

गाविलगड (चिखलदरा) · २ नोव्हेंबर

आम्ही हजार मीटरच्या वर राहतो, आमच्याकडे ही अडचण कमी. स्ट्रॉबेरी पिकते तिथे लेट्यूसला काय होणार. पण खाली परतवाड्याला बहिणीकडे मी फ्रिजमध्ये करून पाहिलं. ओल्या कागदी रुमालात बी, डब्यात बंद करून चार दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. मग बाहेर काढून उजेडात. दुसऱ्याच दिवशी फुटलं. ज्यांच्याकडे माठ नाही त्यांनी हे करावं. एक मात्र, तापलेल्या मातीत आठ-पंधरा दिवस ओलं राहिलेलं बी कधी कधी इतकं गाढ झोपतं की नंतर थंडी दिली तरी उठत नाही. त्या वाफ्याची आशा सोडून ताजं बी घ्यावं.

काटोलची_काकू · ९ नोव्हेंबर

माझं उगवलं! चाळीस टाकल्या, चौतीस आल्या. पण निम्म्या रोपांची मान लांब झाली आहे, पांढरट दोरा आणि टोकाला दोन पानं. खिडकीत ठेवली होती.

परसातली_ताई · ९ नोव्हेंबर

उजेड कमी पडला काकू. उगवल्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन हवं, दोन-तीन तास तरी, दुपारी सावली. लांबलेली फेकू नका, पण त्यांच्यावर विसंबू नका, आणखी थोडं बी टाका. तीन-चार खरी पानं आली, साधारण तीन आठवडे झाले, की संध्याकाळी लावणी करा. दोन रोपांत एक वीत. पानं जिथून फुटतात तो गाभा मातीच्या वर राहू द्या, तो दबला की सडतो.

भंडाऱ्याची_वैशा · २६ नोव्हेंबर

मी नवी आहे. माझं रोप छान वाढलंय, वीतभर झालंय, पण लाल नाही. हिरवंगार आहे, जेमतेम काठाला तांबूस झाक. दुकानातून लाल रोमेन सांगूनच आणलं होतं. बी दुसरंच मिळालं का? वर हिरवी जाळी दुहेरी लावली आहे, ऊन लागू नये म्हणून.

परसातली_ताई · २६ नोव्हेंबर

वैशाताई, बी बरोबर असेल. जाळी काढा.

हे मला गेल्या हिवाळ्यात एका पानानं शिकवलं. रोज सकाळी मी बाहेरची दोन-दोन पानं तोडते. एक दिवस खालचं पान तोडलं तर त्याच्या लाल अंगावर मधोमध एक हिरवा आकार, टोकदार, जणू कुणी पानावर पान ठेवून रंगवलंय. बघितलं तर नेमकं वरचं पान त्या जागी टेकलेलं होतं. जिथे ऊन पडलं तेवढं लाल, जिथे सावली तेवढं हिरवं, मधली रेघ कात्रीनं कापल्यासारखी. मी ते पान पाण्याच्या पेल्यात ठेवून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

तर लाल रंग पान उन्हात तयार करतं. एक डबा मी जाळीखाली आणि एक पडवीच्या बाहेर मोकळ्यावर ठेवला होता. बी एकच, माती एकच, तारीख एकच. महिन्यानं दोघांना बहिणी म्हणवेना. नोव्हेंबर लागला की आपल्याकडचं ऊन या झाडाला झेपतं. जाळी फक्त लावणीनंतरचे चार-पाच दिवस आणि पुढे फेब्रुवारीच्या दुपारी.

उमरेडचे_गुरुजी · २७ नोव्हेंबर

जांभळाला, वांग्याच्या सालीला, लाल कोबीला ज्या जातीचा रंग असतो तोच हा, अँथोसायनिन. भर ऊन, त्यातले अतिनील किरण आणि गार रात्री, या तिन्हींनी तो वाढतो. रात्रीचा पारा दहा-बाराला उतरला की आठवडाभरात फरक दिसतो. वैशाताई, जाळी एकदम काढू नका, आधी एक थर काढा, दोन-तीन दिवसांनी दुसरा. सावलीत वाढलेलं पान अचानक उन्हात गेलं तर भाजतं.

भंडाऱ्याची_वैशा · १२ डिसेंबर

लाल झालं! नवीन येणारी पानं तर टोकापासून अर्ध्यापर्यंत. सासऱ्यांना आधी वाटलं रोग पडला, त्यांनी दोन पानं खुडून टाकलीसुद्धा. मग खाऊन बघितलं आणि आता रोज पाणी तेच घालतात.

पऱ्हाटी_आर्णी · १५ डिसेंबर

आमच्याकडे वानरांनी एका सकाळी सहा डबे साफ केले. पानं खाल्ली, वर रोपं उपटून फेकली. कुणाकडे काही उपाय?

काटोलची_काकू · १५ डिसेंबर

तुराट्यांचा पिंजरा कर गं. चार बाजूंनी तुराट्या उभ्या, वर आडव्या, सुतळीनं बांधून. दोन बोटांची फट ठेव, ऊन येऊ दे. आमच्या संत्र्याच्या रोपांना असंच करतो. आणि कोंबड्यांपासूनही सांभाळ, त्यांना तर हे पान फारच आवडतं.

परसातली_ताई · १५ डिसेंबर

वाईट वाटलं वाचून. ज्यांची मुळं शाबूत आहेत ती लगेच दाबून लावा, गाभा उरला असेल तर आठ दिवसांत फुटतील.

मुंग्यांचंही सांगून ठेवते. बी पेरल्यावर काळ्या मुंग्या एकेक बी उचलून नेतात, आणि आपल्याला वाटतं उगवलं नाही. मी पेरलेला ट्रे विटांवर ठेवते आणि विटा पाण्याच्या परातीत. जानेवारीत मावा येतो, आतल्या पानांच्या बुडाशी हिरवट ठिपके. पाण्याच्या धारेनं आणि अंगठ्यानं काढते. निंबोळी अर्क मारला तर कडूपणा पानावर राहतो, कच्चं खायचं म्हणून मी टाळते. ढालकिडे दिसले तर त्यांना हात लावू नका, मावा त्यांचं खाणं आहे.

काटोलची_काकू · ४ जानेवारी

मी ऑक्टोबरात विचारलं होतं जागा कशाला द्यायची. आता माझं उत्तर मीच देते. याचा घोळाना करून बघा. पानं हातानं तोडायची, सुरीनं कापली की काठ काळे पडतात. कांद्याची पात, मुळ्याच्या चकत्या, दाण्याचा कूट, लाल तिखट, वरून कच्चं तेल. मीठ अगदी ताटात वाढताना, आधी टाकलं तर पान पाणी सोडून लोळा होतं. सोबत झुणका आणि ज्वारीची भाकर. नातवानं तर झुणका पानातच गुंडाळला आणि भाकर बाजूला ठेवली. जवसाची चटणी असेल तर ती लावून नुसतं पानही खातात आमच्याकडे.

गाविलगड · १० फेब्रुवारी

खाली आता कडू व्हायला लागलं असेल ना? आमचं मार्चपर्यंत जाईल.

परसातली_ताई · ११ फेब्रुवारी

हो, परवापासून. मधला दांडा उंच व्हायला लागला, आता थांबवता येत नाही. दिवस मोठा होतो, ऊन चढतं आणि झाड फुलाकडे वळतं. देठ मोडला की पांढरा चीक येतो, तो घट्ट झाला की पान कडू. याच्या शास्त्रीय नावात लॅक्टुका आहे ते या दुधामुळेच, लॅटिनमध्ये लॅक म्हणजे दूध. जी झाडं अजून बसकी आहेत ती सगळी या आठवड्यात सकाळी लवकर, दव असताना कापून घ्या.

पण सगळी कापू नका. जे झाड सगळ्यात उशिरा उंच झालं आणि सगळ्यात लाल होतं, त्याला लाल दोरा बांधून ठेवा. तेच बियाचं. लवकर फुलणाऱ्याचं बी धराल तर पुढच्या साली लवकर कडू होणारीच झाडं येतील. पिवळी बारीक फुलं येतात, करडई-झेंडूच्याच कुळातलं आहे हे. एकेक फूल एकच सकाळ उमलतं आणि आपल्या आपण फळतं, म्हणून शेजारी दुसरी जात असली तरी बी सहसा बिघडत नाही. दोन-तीन आठवड्यांनी रुईच्या म्हातारीसारखा कापूस दिसू लागला की कागदी पिशवीत डोकं घालून झाड हलवायचं. सगळं बी एकदम पिकत नाही, दर दोन दिवसांनी हलवावं लागतं. वाऱ्याच्या दिवशी उशीर केलात तर गेलं उडून. नीट वाळवून काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये. ताजं बी लगेच उगवून बघू नका, तेही काही दिवस झोपलेलं असतं.

दर्यापूरचा_गडी · १४ फेब्रुवारी

ताई, गुरुजी, लिहायचं राहून गेलं होतं. नयाच्या पाण्यावर चार डबे केले. दर रईवारी खालून पाणी निंगेपर्यंत देत होतो. एक भी काठ जयला नाही. पोरीनं शाळेत डब्यात नेलं, तिच्या बाईनं इचारलं हे काय हाय, तं तिनं सगळ्या वर्गाले एकेक तुकडा वाटला. घरी येऊन म्हणे, बाबा, उद्या जास्त द्या.

दोन झाडाले लाल दोरा बांधला. वैशाताईले आन् आर्णीच्या ताईले बी पाहिजे असन तं सांगा, वायलं का पाठोतो.

पऱ्हाटी_आर्णी · १४ फेब्रुवारी

पाहिजे दादा. पिंजरा तयार आहे.